चायनीज एल्मचे कोवळे रोप घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल्मची पाने लहान, छाटणीला प्रतिसाद चटकन मिळतो आणि चुकलेली फांदी पुन्हा फुटते, म्हणून बोन्साय शिकायला हे झाड फार चांगले. पण हाती आलेले रोप बहुतेक वेळा बारीक, सरळसोट किंवा सापासारखे वळवलेले असते. त्याला आकार कसा द्यायचा, आधी काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याविषयीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. महिने महाराष्ट्राच्या हवामानाप्रमाणे दिले आहेत.

नर्सरीत ‘एल्म’ म्हणून मिळते ते नेमके कोणते झाड?

बहुतेक वेळा चायनीज एल्म, म्हणजे उल्मस पार्विफोलिया. मूळचे चीन, कोरिया, जपान आणि तैवानकडचे. पान दोन ते पाच सेंटिमीटर, कडा करवतीसारखी, आणि देठाजवळ पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक बाजू थोडी खाली उतरलेली असते. ही खूण पक्की लक्षात ठेवा. झेलकोव्हा हे एल्मच्याच कुळातले दुसरे झाड, त्याची पाने दिसायला जवळची, पण त्यांचे दाते मोठे आणि टोकदार असतात. शंका असली तर फुलांवरून कळते: चायनीज एल्मला फुले पावसाळा सरता सरता येतात, झेलकोव्हाला वसंतात.

सालीचेही प्रकार आहेत. गुळगुळीत सालीचे रोप बाजारात जास्त दिसते. जून झाल्यावर त्याच्या सालीचे पापुद्रे निघतात आणि खाली तांबूस-नारिंगी ठिपके दिसतात. भेगाळलेल्या, बुचासारख्या सालीच्या जाती लवकर म्हाताऱ्या दिसतात, पण त्यांना तार लावताना ती साल सहज निघून येते.

आपल्याकडचा वावळ चालेल का? तोही एल्मच ना?

वावळ, म्हणजे होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया, एल्मच्याच कुळातला आहे आणि त्याला इंडियन एल्म म्हणतात. बुंधा झपाट्याने जाड होतो आणि कापलेले सहन करतो. अडचण पानांची आहे. पाने मोठी, पेरेही लांब, त्यामुळे एक फुटाच्या आतले वावळाचे बोन्साय बेढब दिसते. दोन-अडीच फुटांचे झाड करायचे असेल तर जरूर घ्या. खाली दिलेल्या बुंध्याच्या आणि मुळांच्या कामाच्या सगळ्या गोष्टी त्यालाही लागू पडतात, बारीक फांद्यांच्या नाहीत.

माझे रोप पेन्सिलीएवढे जाड आहे. आता उथळ ट्रेमध्ये लावू का?

नको. नव्या माणसाची सर्वांत महाग चूक हीच. उथळ ट्रेत मुळांना जागा कमी, म्हणून वरची वाढ कमी, आणि वाढ कमी म्हणून बुंधा जाड होत नाही. पेन्सिलीएवढे रोप ट्रेत गेले की पाच वर्षांनीही ते जवळपास पेन्सिलीएवढेच असते.

बुंधा हवा तेवढा जाड होईपर्यंत रोप मोकळे वाढले पाहिजे: जमिनीत, नाहीतर दहा-बारा इंची रुंद कुंडीत किंवा भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये. क्रेट आम्हाला जास्त पसंत आहे. बाजूच्या भोकांतून हवा लागते, मुळाचे टोक तिथे सुकते आणि मागून नवी बारीक मुळे फुटतात. कुंडीत मात्र तेच मूळ भिंतीला धरून गोल गोल फिरत राहते. जमिनीत लावायचे असेल तर मुळांच्या खाली फरशीचा एक फूटभर तुकडा ठेवा, म्हणजे मुळे खाली न जाता आडवी पसरतात.

काम या क्रमाने करा: आधी मुळांचा पसारा, मग बुंधा, मग मुख्य फांद्या, आणि शेवटी बारीक डहाळ्या. मागचा टप्पा अर्धवट ठेवून पुढे गेलात तर परत यावे लागते, आणि परत येणे म्हणजे वरचे सगळे कापणे.

मिश्रण कोणते घ्यावे?

पक्क्या भाजलेल्या विटांचा चुरा दोन भाग, जाड वाळू किंवा खंगर एक भाग, चाळलेले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. चुरा आणि वाळू दोन चाळण्यांतून काढा: सहा मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल आणि तीन मिलिमीटरच्या चाळणीवर राहील तेवढेच घ्या. खाली पडलेली भुकटी टाकून द्या. ती वापरली तर महिनाभरात तळाशी गाळ बसतो आणि पावसाळ्यात मुळे कुजतात. कच्ची वीटही नको, तिचा चिखल होतो. प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड) मिळत असेल तर विटेऐवजी तो घ्या, हलका असतो.

काळी माती अजिबात नको. ओली असताना ती फुगते, सुकल्यावर भेगाळते, आणि भेग पडते तेव्हा बारीक मुळे तुटतात.

मुळांची छाटणी कधी आणि किती?

घाटमाथ्यावर आणि देशावर जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. थंडीत एल्मची काही पाने गळतात, काही पिवळी पडतात. त्यानंतर डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, फुगू लागतात, पण उघडलेले नसतात. तेव्हा काम करा. मुंबई-कोकणात थंडी फारशी नसल्याने झाड वर्षभर हिरवे राहते. तिथे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा किंवा पाऊस स्थिरावल्यावर जूनअखेर, दोन्ही चालते. एप्रिल-मेमध्ये मुळे उघडू नका.

जोमदार तरुण रोपाची निम्मी मुळे कापली तरी ते सहज तगते. पण रोप नुकतेच आणलेले, अशक्त किंवा रोगट असेल तर तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ नका. रीत अशी:

1. मुळांचा गड्डा बाहेर काढून काडीने बाहेरून आत, मधोमध असलेल्या बुंध्याकडे, माती मोकळी करा. शेवटी पाण्याची बारीक धार सोडा.
2. सरळ खाली जाणारे जाड मूळ बुंध्याच्या अगदी खालून कापा. त्यावर बारीक मुळे अजिबात नसतील तर यंदा अर्धे, पुढच्या वेळी उरलेले.
3. बुंध्याभोवती एकाच पातळीवरून निघणारी मुळे ठेवा. वरून एखादेच निघाले असेल किंवा दुसऱ्या मुळावरून आडवे गेले असेल तर ते काढा.
4. ठेवलेली मुळे बुंध्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर कापा. कापल्या जागी ती दोन-चार वाटांनी फुटतात.
5. कुंडीत चाकाच्या आऱ्यांसारखी पसरा, मिश्रण काडीने पोकळ्यांत भरा, आणि रोप तारेने कुंडीला घट्ट बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळे रोज तुटतात.

नंतर तीन आठवडे कडक ऊन नको, चार आठवडे खत नको. हेच काम तरुण रोपावर दर दोन वर्षांनी करावे लागते.

मुळे एकाच बाजूला आहेत, किंवा बुंध्याचा तळ अगदीच वाईट आहे. काय करू?

रोप जोमदार असेल तर गुटी कलम करा. एल्मला ती सहज लागते आणि चांगला पसारा मिळवण्याची हीच खात्रीची वाट. जून महिन्यात, पाऊस स्थिरावला की जिथे नवा तळ हवा तिथे बुंध्याची साल गोलाकार काढा. पट्टीची रुंदी बुंध्याच्या जाडीच्या दीडपट. आतला हिरवट ओला थर खरवडून लाकूड कोरडे दिसले पाहिजे. तो थर जरा राहिला तर झाड साल पुन्हा जोडून घेते, मुळे येत नाहीत. वरच्या कडेला मूळ फुटवणारी भुकटी लावा, भिजवून पिळलेले स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) मूठभर गुंडाळा, प्लास्टिकने बांधा. साधारण सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसतात. ती तपकिरी होऊन फाटे फुटू लागले की मगच खाली कापा. पांढरी असताना ती बोट लागले तरी मोडतात.

बुंधा कुठे कापायचा?

आधी झाड किती उंच हवे ते ठरवा. साधा ठोकताळा: उंची ही तळाच्या जाडीच्या सहापट. तळ पाच सेंटिमीटर असेल तर झाड तीस सेंटिमीटरचे. पहिला काप या उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे दहा सेंटिमीटरवर. नवा शेंडा वाढवून तो कापाजवळच्या बुंध्याच्या दोन-तृतीयांश जाड झाला की सात सेंटिमीटरवर दुसरा काप, मग पाचवर. असे प्रत्येक पेर आधीच्यापेक्षा आखूड आणि बारीक होत गेले की बुंधा वर निमुळता होतो आणि प्रत्येक कापाला दिशा बदलते. तारेने वळवलेल्या एकसारख्या जाडीच्या खोडापेक्षा हे कितीतरी जुने आणि खरे दिसते.

कापायची वेळ फेब्रुवारी. पहिला काप आडवा आणि ठरलेल्या जागेच्या दोन सेंटिमीटर वर घ्या, कारण कापल्यावर लाकूड थोडे खाली सुकत येते. नवा शेंडा कोणता ते ठरले आणि तो बोटाएवढा जाड झाला, की मग त्याच्या पाठीमागून तिरका काप घेऊन उरलेला खुंट काढा.

कापल्यावर कडेने वीस-पंचवीस कोंब आले. सगळे राहू द्यायचे का?

कापलेला बुंधा दोन-तीन आठवड्यांनी जवळून पाहा. साल आणि लाकूड यांच्या मधल्या रेषेत बाजरीच्या दाण्याएवढे हिरवट-लालसर कोंब गोल कड्यासारखे उगवलेले दिसतात. एल्मचा हा स्वभावच आहे. ते सगळे ठेवले तर त्या जागी बुंधा फुगतो, वर मूठ आणि खाली दांडा असा आकार होतो आणि तो दुरुस्त करायला पुन्हा कापावेच लागते.

पण पहिल्याच आठवड्यात सगळे खुडूनही टाकू नका, त्या वेळी झाडाला पाने हवी असतात. कोंब बोटभर लांब झाले की पाच-सहा ठेवा. दीड-दोन महिन्यांनी एक शेंडा म्हणून आणि खाली वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन फांद्या म्हणून निवडा. शेंडा म्हणून निवडलेला कोंब कोवळा असतानाच तारेने हव्या दिशेला लावा. तो फांदीच्या कुशीत सहज फाटतो, म्हणून एका बोटाने बुडाशी आधार देऊन वळवा.

बुंधा लवकर जाड करायचा काही उपाय?

खालची एखादी फांदी अजिबात न छाटता मोकळी सोडायची. तिला बळीची फांदी म्हणता येईल. बोन्सायवाले सॅक्रिफाइस ब्रँच म्हणतात. ती चार-पाच फूट गेली तरी चालेल. तिच्या पानांनी तयार केलेले अन्न तिच्या खालच्या बुंध्यातून मुळांकडे जाते, म्हणून जाडी तिच्या खाली वाढते, वर नाही. याच कारणाने ती झाडाच्या मागच्या बाजूला आणि तळाजवळ निवडा, म्हणजे काढल्यावरची जखम समोर येत नाही. तिची सावली कामाच्या फांद्यांवर पडू देऊ नका, बुडाजवळची पाने काढून टाका. आणि वेळेत काढा: बुंध्याच्या निम्म्याहून जाड झाली तर जखम भरायला वर्षे लागतात.

इंग्रजी एस आकाराचे रोप आणले आहे. ते नैसर्गिक कसे दिसेल?

अशी रोपे ठरावीक साच्यात वळवलेली असतात, दोन्ही वळणे सारखी आणि एकाच पातळीत. तीन वाटा आहेत. पहिली, आमच्या मते सर्वांत चांगली: पहिल्या वळणाच्या वर, जिथे बाहेरच्या अंगाला एखादी फांदी आहे तिथे कापा आणि ती फांदी नवा शेंडा करा. दुसरी, पुढच्या कुंडीबदलाच्या वेळी रोप वीस-तीस अंश तिरके लावा आणि समोरची बाजू बदला. बरेचदा बाजूने पाहिल्यावर तो एस जवळपास दिसत नाही. तिसरी, वरचे वळण फांद्यांनी झाकणे, पण ती तात्पुरती सोय आहे, हिवाळ्यात पाने विरळ झाली की वळण पुन्हा दिसते.

तार कशी आणि किती दिवस?

ॲल्युमिनियमची तार, फांदीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची. फांदी सहा मिलिमीटर असेल तर दोन मिलिमीटरची तार. पंचेचाळीस अंशात, दोन शेजारच्या फांद्यांना एकच तार, मधे बुंध्याला किमान एक वेढा. तार लावण्याआधी एक दिवस पाणी कमी द्या, फांदी थोडी लवचीक राहते.

एल्ममध्ये तार रुतते फार लवकर. पावसाळ्यात पाच-सहा आठवड्यांत साल तारेवर चढू लागते, म्हणून दर आठ दिवसांनी बघा. काढताना उलगडू नका, प्रत्येक वेढा कटरने तोडा. तार महाग वाटते, पण उलगडताना मोडलेली फांदी परत यायला दोन वर्षे जातात. पेन्सिलीपेक्षा जाड फांदीला तार लावण्याऐवजी दोरीने कुंडीच्या कडेला खाली ओढून बांधा.

तारेशिवाय वळण देता येते का?

येते, आणि एल्मसाठी तीच मुख्य पद्धत. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगच्या लिंगनान शैलीचा पायाच ‘वाढवा आणि कापा’ हा आहे, आणि एल्म तिच्या आवडत्या झाडांपैकी एक.

सगळे गमक डोळ्यात आहे. एल्मची पाने एकाआड एक येतात: एक डावीकडे, पुढचे उजवीकडे. प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा असतो, आणि नवी फांदी त्या पानाच्या दिशेने निघते. फांदी डावीकडे वळवायची असेल तर डावीकडच्या पानाच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे कापा. खाली वळवायची असेल तर खालच्या अंगाच्या डोळ्यावर कापा. सरळ वर जाणारा डोळा शेवटचा राहू देऊ नका. कापाआधी पाच सेकंद ते शेवटचे पान कुठे बघते आहे ते पाहायची सवय लावा.

मुख्य फांदी जाड करायची असेल तर तिला पंधरा-वीस पाने येईपर्यंत हात लावू नका, मग पहिल्या दोन पानांवर आणा. फांदी हवी तेवढी जाड झाल्यावर लय बदलते: सहा-आठ पाने आली की दोनवर. जून ते सप्टेंबर या काळात असे तीन-चार वेळा होते, आणि दर वेळी टोकांची संख्या साधारण दुप्पट होते. जाडी आधी, दाटी नंतर. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

खालच्या फांद्या वाळत चालल्या आहेत.

शेंडा त्यांचे अन्न आणि ऊन दोन्ही घेतो. वरच्या तिसऱ्या हिश्शाची छाटणी खालच्या भागापेक्षा दुप्पट वेळा करा, आणि खालच्या फांद्यांची टोके मोकळी सोडा. घरात किंवा बंद बाल्कनीत ठेवलेल्या एल्ममध्ये आतल्या डहाळ्या हमखास मरतात. किमान चार-पाच तास थेट ऊन लागतेच. कुंडी आठवड्याला पाव वळसा फिरवा.

आणल्यावर आठ दिवसांत पाने पिवळी पडून गळली. मेले का?

बहुधा नाही. जागा बदलली, ऊन कमी-जास्त झाले की एल्म पाने टाकतो. डहाळीची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवे दिसले तर जिवंत आहे. पाने नसताना पाणी कमी लागते, वरची माती सुकली की मगच द्या, खत देऊ नका. या वेळी घाबरून कुंडी बदलणे हे मरणाचे खरे कारण ठरते.

पाणी आणि खत?

वरचा एक सेंटिमीटर थर कोरडा वाटला की तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत पाणी. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा लागेल. विदर्भात आणि मराठवाड्यात त्या दोन महिन्यांत पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा आणि कुंडी तापलेल्या गच्चीवर थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. कोकणातल्या संततधारेत एका बाजूला लाकडाचा तुकडा घालून कुंडी तिरकी ठेवली की साचलेले पाणी निघून जाते.

वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) एक ग्रॅम प्रति लिटर, आणि महिन्याला एक मूठ निंबोळी पेंड मातीवर. बारीक डहाळ्यांचा टप्पा आला की नत्र निम्म्यावर आणा, नाहीतर पेरे लांब आणि पाने मोठी होतात.

किडी कोणत्या, आणि फवारणी कोणती टाळायची?

उन्हाळ्यात लाल कोळी. पानावर बारीक फिकट ठिपके दिसतात. पान पांढऱ्या कागदावर झटका, चालणारे ठिपके दिसले की समजा. पानांच्या खालून जोरात पाणी मारा, दर तीन दिवसांनी, चार वेळा. पिठ्या ढेकूण असेल तर निंबोळी तेल पाच मिलि आणि थोडे साबणाचे पाणी एक लिटरमध्ये, संध्याकाळी. पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडतात, तो बुरशीचा रोग आहे. डागाळलेली पाने तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका, आणि झाडांत अंतर वाढवा.

डायमेथोएट एल्मवर मारू नका. कीड जाते, पण पानेही गळतात.

परदेशात राहतो, थंडी कडक आहे. घरात ठेवू का?

शक्यतो बाहेरच. चायनीज एल्म थंडी सोसतो आणि तिथे पाने गाळून विश्रांती घेतो, पण कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांइतकी सुरक्षित नसतात. कडक गोठणीच्या रात्री कुंडी वाऱ्याआड, गरम न केलेल्या शेडमध्ये किंवा जमिनीत पुरून ठेवा. अशा ठिकाणी मुळांचे काम मार्च-एप्रिलमध्ये, डोळे फुगताना. हे झाड डच एल्म रोगाला (एल्मची झाडे मारणारा बुरशीचा रोग) बरेच प्रतिकारक आहे, त्याची धास्ती घेऊ नका.

कापलेल्या फांद्या-मुळांचे काही होईल का?

जरूर. फांद्यांची छाटकलमे जून-जुलैत, पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन पाने ठेवून लावा. मुळांची कलमे त्याहून चांगली: फेब्रुवारीत कापलेली जाड मुळे आठ-दहा सेंटिमीटरच्या तुकड्यांत घ्या, बुंध्याकडचे टोक वर ठेवून जवळजवळ पूर्ण पुरा, वर फक्त अर्धा सेंटिमीटर दिसू द्या. उलटी लागली तर फुटत नाहीत, म्हणून कापतानाच वरचे टोक सरळ आणि खालचे तिरके कापून ठेवा. वाकडे मूळ मिळाले तर ते आधी निवडा. त्यात वळण आयतेच असते, तार लावायचे काम वाचते.